बीसीएममध्ये दुसऱ्याच गाडीचा व्हिन निघाला, आता काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१८ची डिझेल हॅचबॅक, चार महिन्यांपूर्वी सांगलीत सेकंडहँड घेतली. अधूनमधून, बहुतेक वेळा सकाळी, मीटरमधलं चावीचं चिन्ह लुकलुकतं, स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला गाडी सुरू होते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा इंजिन ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि एबीएस (ब्रेकची यंत्रणा) यांच्यातला व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, आरसीवरच्या चेसिस नंबरशी जुळला. बीसीएममध्ये, म्हणजे दिवे, लॉक, चावी सांभाळणाऱ्या मॉड्यूलमध्ये (गाडीतल्या अशा प्रत्येक छोट्या संगणकाला मॉड्यूल म्हणतात), त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचा व्हिन निघाला. मीटरमध्ये व्हिनची जागा रिकामी आणि एअरबॅगच्या ओळीत 'नो रिस्पॉन्स'. गॅरेजवाला म्हणतो, बीसीएममध्ये बरोबर व्हिन लिहून देतो, सगळं जुळेल. मेहुणे म्हणतात, गाडी चोरीची आहे. ऐकायचं कोणाचं?

आत्ता तरी कोणालाही व्हिन लिहू देऊ नका. तो वेगळा नंबर दोष नाही, खूण आहे. तुमच्या आधी या गाडीत काय झालं हे सांगणारी ती एकच लेखी नोंद तुमच्या हाती आहे आणि ती पुसली की परत येत नाही. शिवाय तुम्ही लिहिलेल्या ओळींमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी बीसीएमची वाटत नाही, एअरबॅगची वाटते. तुम्ही तिचा उल्लेख जाता जाता केलाय. त्याकडे येतोच, पण घरात चोरीचा शब्द निघालाय तर आधी तो विषय मिटवू.

व्हिन जुळत नाही एवढ्यावरून काहीच ठरत नाही. किती मॉड्यूल कोणाच्या बाजूला आहेत ते बघायचं. बहुतेक मॉड्यूल चेसिसवरच्या पंचिंगशी, म्हणजे पत्र्यावर ठोकलेल्या नंबराशी जुळतात आणि एखादंच बाहेरचं आहे, तर तो भाग बदललेला असतो. एखाद्या गाडीत इंजिन ईसीयू, बीसीएम आणि मीटर या तिघांमध्ये एकच परका व्हिन सापडतो, पण एबीएस आणि एअरबॅग मूळचे असतात. तिथे कोणीतरी चाव्यांसकट अख्खा सेट दुसऱ्या गाडीतून आणून बसवलेला असतो. दोन्ही चाव्या हरवल्या किंवा ईसीयू जळला की पैसे वाचवायला लोक हे करतात. ते कायदेशीर मार्गाने झालेलं असू शकतं, त्याचं बिल मात्र मागायचं. खरी भीती तिसऱ्या प्रकारात आहे. सगळे मॉड्यूल एकमुखाने एक व्हिन सांगतात आणि पंचिंग, प्लेट, आरसी दुसराच. टोटल लॉस झालेल्या (विमा कंपनीने पूर्ण निकामी ठरवलेल्या) गाडीचे कागद आणि नंबर चोरीच्या गाडीवर चढवले की नेमकं हेच चित्र दिसतं, कारण पत्र्यावरचा नंबर बदलणारा माणूस दहा मॉड्यूल उघडत बसत नाही. तसं दिसलं तर गॅरेजचं काम तिथेच थांबवून पोलिसांकडे जायचं.

तुमचं चित्र पहिल्या प्रकारचं आहे. इंजिन ईसीयू आणि एबीएस दोघेही आरसीच्या बाजूला आहेत. एबीएसचं मॉड्यूल सहसा हायड्रॉलिक युनिटला जोडलेलं असतं, ते बदलायचं तर ब्रेकचे पाइप सोडवावे लागतात, त्यामुळे उगीच कोणी त्याच्या वाटेला जात नाही. माझ्या लेखी त्याची साक्ष वजनदार आहे.

तरी पंचिंग स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आरसीशी ताडला म्हणजे गाडीशी ताडला असं होत नाही. जागा मॉडेलप्रमाणे बदलते: कुठे फायरवॉलवर, कुठे पुढच्या सीटखाली गालिच्याला कापलेल्या झडपेमागे. अंकांची खोली सारखी आहे का, ओळ सरळ आहे का, आजूबाजूचा रंग मूळचा आहे का, घासल्याच्या किंवा नव्या वेल्डिंगच्या खुणा आहेत का, हे टॉर्च तिरकी धरून बघायचं. सरळ उजेडात घासलेलं दिसत नाही. आरटीओसाठी घेतात तसा पेन्सिलीने प्रिंट काढून ठेवा. मग एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) 'वाहन समन्वय' या ऑनलाइन सेवेवर तुमचा नंबर चोरीच्या नोंदींशी ताडून घ्या. मेहुण्यांची शंका मिटवायला तो कागद उपयोगी पडेल.

आता स्कॅनरने जे दाखवलं ते खरं आहे का, याची खात्री. माझ्याकडे व्हिन जुळत नाही म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी काहींमध्ये विसंगती नसतेच, वाचण्यात चूक असते. व्हिन १७ अक्षरांचा असतो आणि कॅनच्या, म्हणजे मॉड्यूलांना एकमेकांशी जोडणाऱ्या लाइनच्या, एका संदेशात फक्त ८ बाइट मावतात, त्यामुळे तो तुकड्यांत येतो. स्कॅनर विचारतो २२ एफ१ ९०, म्हणजे 'तुझा व्हिन सांग'. मॉड्यूलचं पहिलं उत्तर काहीसं असं येतं: १० १४ ६२ एफ१ ९० ४डी ४१ ३३. यातला १४ हा षोडशमान आकडा आहे, म्हणजे आपले २० बाइट: तीन उत्तराच्या डोक्याचे आणि १७ व्हिनचे. ४डी ४१ ३३ म्हणजे एम, ए, ३, भारतातल्या मारुती सुझुकीची सुरुवात. टाटा असती तर शेवटी ५४ आलं असतं, एम ए टी. पहिल्या तुकड्यात तीन अक्षरं आली, मग स्कॅनरने 'पुढचं पाठव' असं सांगायचं, आणि उरलेली १४ अक्षरं सात-सातच्या दोन तुकड्यांत येतात. स्वस्तातले नकली ब्लूटूथ अडॅप्टर यातला शेवटचा तुकडा गाळतात आणि पडद्यावर दहाच अक्षरं राहतात. अर्धवट व्हिन दिसला तर मॉड्यूलला दोष देण्याआधी स्कॅनर बदलून बघा.

आणखी एक बघायचं. व्हिनमध्ये आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. बीसीएमच्या व्हिनमध्ये यातलं एखादं अक्षर दिसलं, तर तो नंबर कारखान्यात लिहिलेला नाही, कोणीतरी हाताने टाइप केलाय. तसंच परका व्हिन आणि तुमचा व्हिन अक्षर-अक्षर खाली मांडून बघा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत फरक फक्त एका जागी होता, ८ च्या जागी इंग्रजी बी. मालकाने रात्र रात्र झोप घालवली होती, आणि निघालं काय, तर मॉड्यूल बदलताना कोणीतरी आरसीची पुसट झेरॉक्स बघून नंबर टाकला होता. अमेरिकेत व्हिनच्या नवव्या जागी तपास-अंक सक्तीचा आहे, त्यामुळे अशी चूक गणितात लगेच पकडली जाते. आपल्याकडे तशी सक्ती नाही, डोळ्यांनीच पकडावी लागते.

तुमच्या मीटरची रिकामी जागा यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. काही मीटरमध्ये व्हिन ठेवायची सोयच नसते. तिथे मॉड्यूल ७एफ २२ ३१ असं उत्तर देतं, म्हणजे 'ही माहिती माझ्याकडे नाही'. पण मॉड्यूलने नीट उत्तर दिलं आणि आत सगळे एफएफ किंवा शून्य भरलेले असतील, तर जागा आहे पण कोणी भरली नाही. असं असेल तर सुटा भाग म्हणून आणलेलं मीटर बसवून कॉन्फिगरेशन न करताच सोडलंय असं समजायचं. साध्या स्कॅनरच्या पडद्यावर दोन्ही 'ब्लँक'च दिसतात. कच्चं उत्तर दाखवणारा स्कॅनर असलेला माणूस गाठा, या दोन्हींतला फरक तुमच्या गाडीत फार महत्त्वाचा आहे.

का ते सांगतो. भारतात ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. तुमची गाडी २०१८ची, म्हणजे त्या काळात खालच्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग नसणं शक्य होतं. तुमच्या स्टिअरिंगवर एअरबॅगचं चिन्ह आहे, म्हणजे वरचा व्हेरिएंट. आता समजा मीटर बिनएअरबॅगच्या व्हेरिएंटमधलं आणून बसवलंय. त्या मीटरला एअरबॅग नावाची गोष्ट या गाडीत आहे हेच माहीत नसेल. मॉड्यूल मेलेलं असलं तरी लाल दिवा लागणार नाही, आणि तुम्ही सगळं ठीक आहे म्हणून गाडी चालवत राहाल. हा माझा अंदाज आहे, निदान नाही. पण तपासायला दहा सेकंदं लागतात: चावी ऑनवर न्या आणि एअरबॅगच्या दिव्याकडे बघा. काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर अंदाज खरा निघण्याची शक्यता मोठी आहे. इंजिन ऑइलच्या दिव्याबरोबर तंतोतंत लागला आणि विझला, तर दिव्याची वायर कोणीतरी दुसरीकडे जोडलीय का तेही बघावं लागेल. अशी जोडणी जुन्या गाड्यांमध्ये मी स्वतः सोडवली आहे.

बीसीएम परकं, मीटर रिकामं, एअरबॅग गप्प, आणि इंजिन ईसीयू व एबीएस मात्र मूळचे. हे भाग गाडीत कुठे बसतात ते डोळ्यांसमोर आणा. ईसीयू आणि एबीएस बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली, बऱ्यापैकी उंच. एअरबॅगचं मॉड्यूल गिअर लिव्हरच्या आसपास, गालिच्याखाली, फ्लोअरलाच बोल्ट केलेलं. बीसीएम बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखाली पायांच्या बाजूला. म्हणजे खालचे गेले आणि वरचे राहिले. सांगलीची गाडी आहे म्हटल्यावर माझ्या मनात ऑगस्ट २०१९चा पूर येतो. मीटर डॅशवर उंच असतं, ते या हिशोबात बसत नाही हे मला मान्य आहे, पण पाण्यातून काढलेल्या गाडीला कोणी बॅटरी तशीच जोडली की मीटरही जातं.

त्या पुरानंतरच्या वर्षभरात आमच्याकडे अशा गाड्या येतच होत्या. एक आठवते. बाहेरून चकचकीत, आतून नवीन सीट कव्हर, तक्रार एवढीच की सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा लागतं. स्कॅनरवर बीसीएमचा व्हिन वेगळा. ड्रायव्हरच्या डाव्या पायाजवळचं प्लास्टिक काढलं, बीसीएम अगदी नवं कोरं दिसत होतं. कपलर ओढून काढला तर त्याच्या खोबणीत बारीक पिवळसर गाळ, चिमटीत घेतला तर पिठासारखा. पिना हिरव्या पडलेल्या. मॉड्यूल बदलणाऱ्याने वायरिंग तेच ठेवलं होतं. मालकाला विकणाऱ्याने पाण्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. त्या दिवशी त्या गाडीत व्हिन लिहून दिला असता तर आमचे पैसे झाले असते आणि त्याचा त्रास तसाच राहिला असता.

म्हणून तुमचा सकाळचा स्टार्टिंगचा त्रास आणि व्हिन यांची गाठ मारू नका. व्हिनची विसंगती सकाळी असते आणि दुपारी नसते असं होत नाही, ती चोवीस तास तशीच असते. परक्या बीसीएममुळे इमोबिलायझर (चावीची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) अडवत असता तर गाडी कधीच सुरू झाली नसती. ती सुरू होते, म्हणजे ज्याने बीसीएम बसवलं त्याने चाव्या आणि ईसीयूशी जोडणी केलेली आहे. पुष्कळ गाड्यांत ही जोडणी गुप्त कोडवर चालते, व्हिनवर नाही. त्यामुळे गॅरेजवाल्याने व्हिन लिहिला तरी चावी जास्त घट्ट जुळणार नाही. जे कधी होतं आणि कधी होत नाही, त्यामागे व्होल्टेज, संपर्क किंवा ओल शोधायची.

सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी, काहीही चालू न करता, मल्टिमीटरने बघा. १२.६च्या आसपास हवी, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. मग कोणाला तरी चावी फिरवायला सांगून स्टार्टर फिरताना बघा. ९.६च्या खाली जात असेल तर डिझेलच्या स्टार्टरच्या ओढीने मॉड्यूल क्षणभर डुलकी घेतात आणि चावीची ओळख पटायची राहून जाते. दुसरी चावी असेल तर आठवडाभर तीच वापरा. त्रास एकाच चावीवर येत असेल तर चावीतली चिप, दोन्हींवर येत असेल तर कुलपाभोवतीची अँटेना कॉइल आणि तिचा कपलर. त्यानंतर बीसीएमचे सगळे कपलर आणि त्याची बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर उघडून बघा. शेवटी, बॅटरीची वायर काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा, साधारण ६० ओहम यायला हवा. १२० आला तर कॅन लाइनच्या एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर तुटलेली आहे. फारच कमी आला तर दोन्ही वायर कुठेतरी एकमेकींना टेकताहेत.

यासाठी गॅरेजमध्ये बसाल तेव्हा एक आग्रह धरा: दोषांचे कोड उडवण्याआधी सगळ्या मॉड्यूलचा पूर्ण रिपोर्ट सेव्ह करायचा. माझ्या टेबलावर अशा गाडीसाठी एक कागद असतो, त्यावर प्रत्येक मॉड्यूलपुढे व्हिन, पार्ट नंबर, सॉफ्टवेअर नंबर आणि मॉड्यूल बनल्याची तारीख. ही शेवटची तारीख सगळेच मॉड्यूल देत नाहीत, पण मिळाली तर ती सोन्यासारखी. आरसीवर गाडी बनल्याचा महिना असतो. बीसीएमची तारीख त्याच्या बरीच नंतरची असेल, तर ते नंतर बसवलंय यात शंका उरत नाही, आणि ऑगस्ट २०१९च्या पुढची असेल तर माझी शंका आणखी वाढेल. पुढच्या सीटचे बोल्ट, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावरची शेवटची वीतभर पट्टी आणि स्टेपनीखालचा खळगाही बघा. सीट कव्हर बदलतात, बेल्टच्या त्या टोकाकडे कोणी बघत नाही.

अधिकृत शोरूममध्ये चेसिस नंबर देऊन सर्व्हिसची जुनी नोंद मागा. त्यात किलोमीटर असतात. मीटर बदललेलं असेल तर आज दिसणारा आकडा तुमच्या गाडीचा असेलच असं नाही, आणि टायमिंग बेल्ट किंवा क्लचचा हिशोब त्यावर अवलंबून आहे.

व्हिन कधी लिहायचा? हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी. गाडी स्वच्छ निघाली, बीसीएमचं बिल मिळालं किंवा ते कायदेशीर मार्गाने आल्याची खात्री पटली, वायरिंग दुरुस्त झालं, तर जरूर लिहावा. पुढच्या मालकाला ही चिंता नको, आणि काही गाड्यांमध्ये ईसीयूत व्हिन नसेल तर पी०६३० आणि गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये नसेल तर पी०६३१ असा कोड कायमचा राहतो. पण लिहिताना बॅटरीला स्थिर व्होल्टेजचा सपोर्ट चार्जर जोडलेला हवा, जुना रिपोर्ट जपून ठेवलेला हवा, आणि नंबर पंचिंगवरून घेऊन दोघांनी मोठ्याने वाचून ताडलेला हवा. काही मॉड्यूल एकदाच लिहू देतात. एक अक्षर चुकलं तर नवं मॉड्यूल आणावं लागतं. लिहिताना ७एफ २ई ३३ आलं तर मॉड्यूल सुरक्षेची परवानगी मागतंय. ती कंपनीच्या रीतसर मार्गाने मिळते. चिप काढून आतला डेटा बदलून देतो म्हणणाऱ्याकडे त्यासाठी जाऊ नका.

एअरबॅगच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. त्याचं मॉड्यूल गप्प आहे ते वायर तुटल्यामुळे, फ्यूज गेल्यामुळे, पाण्यामुळे की कोणी काढूनच टाकल्यामुळे, हे या आठवड्यात शोधून घ्या. स्टार्टिंगचा त्रास महिनाभर थांबला तरी चालेल. बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय पिवळ्या कपलरला हात लावू नका आणि मल्टिमीटर तर कधीच लावू नका, हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या. मॉड्यूल बदलावं लागलं तर कंपनीचं नवं घ्या. भंगारातून आणलेल्या एअरबॅग मॉड्यूलमध्ये आधीच्या अपघाताची नोंद असू शकते, ते ओलीत किती दिवस पडलं होतं हे कोणी सांगू शकत नाही, आणि तुमच्या गाडीच्या सेन्सरांशी ते जुळतं का हे धडक बसल्यावरच कळेल. मीटर खालच्या व्हेरिएंटचं निघालं तर तेही त्याच वेळी बरोबर कॉन्फिगर करून घ्या, म्हणजे पुढे मॉड्यूलमध्ये दोष आला तर लाल दिवा खरोखर लागेल.

आज संध्याकाळी घरी जाल तेव्हा एवढंच करा. चावी ऑनवर न्या, इंजिन सुरू करू नका, आणि मोबाइलवर मीटरचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. कोणते दिवे लागले, कोणते विझले आणि कोणता लागलाच नाही, ते त्यात दिसेल.